ताप कधी आला, डॉक्टर कधी आले

हैदराबादचे व्ही. किशन राव मलेरिया विभागात अधिकारी होते. जुलै २००२ मध्ये त्यांच्या पत्नीला ताप येऊ लागला. थंडी वाजून भरायचा, उतरायचा, पुन्हा भरायचा. २० जुलैला त्यांनी पत्नीला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल केले. तिथे टायफॉइड धरून उपचार सुरू झाले. चार दिवस गेले, प्रकृती ढासळतच गेली. २४ जुलैला तिला दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात हलवले तेव्हा ती जवळजवळ गेल्यातच जमा होती. तिथल्या तपासणीत रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले, टायफॉइडची विडाल चाचणी मात्र निगेटिव्ह आली. ती वाचली नाही.

ज्याची नोकरीच मलेरियाशी निगडित, त्याच्याच घरात मलेरिया वेळेवर ओळखला गेला नाही. किशन राव ग्राहक मंचात गेले. जिल्हा मंचाने रुग्णालयाला दोन लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. राज्य आयोगाने तो निकाल फिरवला, कारण तक्रारदाराने दुसऱ्या डॉक्टरचे तज्ज्ञ म्हणून मत आणलेले नव्हते. राष्ट्रीय आयोगानेही तेच उचलून धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ८ मार्च २०१० रोजी न्यायालयाने जिल्हा मंचाचा निकाल पुन्हा उभा केला. पहिल्या रुग्णालयाच्या बाजूने साक्ष द्यायला आलेल्या डॉक्टरांनीच उलटतपासणीत सांगून टाकले होते, की या रुग्णावर आपण मलेरियाचे उपचार केलेले नाहीत. एवढे समोर असताना वेगळा तज्ज्ञ कशाला हवा, असा न्यायालयाचा रोख होता. प्रत्येक वैद्यकीय तक्रारीला तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, चूक कागदांवरूनच उघड दिसत असेल तर तेवढ्यावर निकाल देता येतो, हे तत्त्व या खटल्याने पक्के केले.

या निकालात सगळ्यात जास्त बोलतात त्या तारखा. २० जुलै ते २४ जुलै. या चार दिवसांत काय दिसत होते, कोणती तपासणी झाली, कोणते औषध दिले गेले. गंभीर जंतुसंसर्गावर उपचाराला उशीर झाला म्हणून दाखल होणारे दावे थोड्याफार फरकाने सगळे असेच असतात. ऑपरेशन चुकले की चूक जागेवर दाखवता येते. इथे चूक वेळेत दडलेली असते.

नातेवाईकांच्या कानावर बहुधा एकच वाक्य पडते: ‘इन्फेक्शन रक्तात पसरलंय.’ पुढे दोन दिवसांनी, ‘मल्टिऑर्गन फेल्युअर झालं.’ या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडते त्याला वैद्यकाच्या भाषेत सेप्सिस म्हणतात. जंतू फुप्फुसातला असो, लघवीच्या मार्गातला असो, बाळंतपणानंतर गर्भाशयात शिरलेला असो की पायावरच्या साध्या जखमेतला. शरीर त्याच्याशी लढताना आपला तोल सोडते आणि ती लढाई स्वतःच्याच अवयवांवर उलटते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळत नाही, लघवी कमी होते, श्वास जलद होतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. २०१६ साली जगभरच्या अतिदक्षता तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्याने केली ती याच आधारावर. संसर्ग आहे एवढ्यावर सेप्सिस ठरत नाही. संसर्गाला दिलेल्या बेताल प्रतिसादातून अवयव निकामी होऊ लागले आणि जीव धोक्यात आला, तर तो सेप्सिस.

आजार विरळा नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख जण त्यात दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. त्यात भारताचा वाटा सुमारे १ कोटी १३ लाख रुग्ण आणि २९ लाख मृत्यू एवढा धरला होता.

उशीर किती महाग पडतो याचेही हिशेब झाले आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, सेप्सिसमुळे रक्तदाब घसरलेल्या २,७३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रक्तदाब घसरल्यापासून योग्य प्रतिजैविक मिळायला जो प्रत्येक तास जास्त लागला, त्यागणिक जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास घटत गेली. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या १४९ रुग्णालयांतील ४९ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. त्यात हा फटका कमी निघाला, मृत्यूची शक्यता तासाला सुमारे चार टक्क्यांनी वाढली, पण दिशा तीच होती. आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच दोन घड्याळे लावतात. रुग्ण शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब धोकादायक पातळीवर घसरला असेल, किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर प्रतिजैविक एका तासाच्या आत. रुग्ण शॉकमध्ये नसेल आणि नुसती शंका असेल, तर तातडीने तपासण्या करून, शंका कायम राहिल्यास तीन तासांच्या आत.

मग तीन तास उलटले की डॉक्टर दोषी? इतके सरळ असते तर न्यायालयांची गरजच पडली नसती.

पावसाळ्यातली मुंबईतली किंवा कोकणातली कोणतीही ओपीडी डोळ्यांसमोर आणावी. बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला ताप आहे, अंग दुखते आहे, डोके ठणकते आहे. त्यातल्या एकाला डेंगी आहे, एकाला मलेरिया, एकाला टायफॉइड. तुंबलेल्या पाण्यातून किंवा चिखलणीतून आलेल्या एखाद्याला लेप्टो, आणि बऱ्याच जणांना दोन दिवसांत आपोआप उतरणारा साधा व्हायरल. पहिल्या दिवशी हे सगळे ताप एकमेकांचे मुखवटे घालून येतात. अशा वेळी डॉक्टरचा पहिला अंदाज चुकणे हा कायद्याच्या नजरेत गुन्हा नाही, निष्काळजीपणाही नाही. दावा उभा राहतो तो पुढच्या टप्प्यावर. औषध लागू पडत नाही हे दिसल्यावर पुन्हा विचार झाला का? नाडी, श्वास, रक्तदाब वेळच्या वेळी पाहिले गेले का? रक्ताचा रिपोर्ट आल्यावर कोणी वाचला का? आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे कळल्यावर रुग्णाला पुढे पाठवले का, आणि किती तासांनी?

या चारही प्रश्नांची उत्तरे चुकली तर काय होते, ते बेळगावच्या एका मुलीच्या गोष्टीत सगळ्या जगाने वाचले.

सविता हलप्पनवार व्यवसायाने दंतवैद्य, वय ३१, नवऱ्यासोबत आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२, रविवार. सतरा आठवड्यांची गरोदर असताना पाठदुखी सुरू झाली म्हणून ती तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात गेली. गर्भपात अटळ दिसत होता. त्याच दिवशी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, पण तो रिपोर्ट वेळेवर कोणी पाहिला नाही. मध्यरात्रीनंतर गर्भजलाची पिशवी फुटली. तिथून पुढे संसर्गाचा धोका तासातासाने वाढत जातो आणि म्हणूनच तापमान, नाडी, रक्तदाब ठरलेल्या अंतराने पाहावे लागतात. त्यातही खंड पडला. मंगळवारी तिने गर्भपात करून देण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि आईच्या जिवाला धोका दिसत नव्हता, म्हणून आयर्लंडच्या तेव्हाच्या कायद्यावर बोट ठेवून नकार मिळाला. बुधवारी पहाटे ती थंडीने कुडकुडत होती. सकाळी साडेसहाला नाडी १६० वर गेली होती, स्रावाला दुर्गंधी येत होती. ही दुर्गंधीची नोंद कागदावर होती, पण सकाळच्या राउंडला आलेल्या मुख्य डॉक्टरांपर्यंत ती पोहोचली नाही. दुपारपर्यंत सविता शॉकमध्ये गेली. रविवारी, २८ ऑक्टोबरच्या पहाटे ती गेली. रक्तात सापडला तो ई. कोलाय जंतू, नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जातीचा.

पुढे तीन वेगवेगळ्या चौकश्या झाल्या. एप्रिल २०१३ मध्ये कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने एकमताने ‘मेडिकल मिसअॅडव्हेंचर’, म्हणजे उपचारांदरम्यान ओढवलेला अपघाती मृत्यू, असा निर्णय दिला. आरोग्य सेवेच्या अहवालाने निरीक्षणातल्या त्रुटींवर बोट ठेवले. आरोग्य दर्जा नियामक संस्थेने तर हाताशी आलेल्या आणि हुकलेल्या १३ संधी मोजून दाखवल्या. त्यातली एखादी जरी साधली असती तरी शेवट वेगळा होण्याची शक्यता होती, असे त्या अहवालाचे म्हणणे. कुटुंबाने दाखल केलेला नुकसानभरपाईचा दावा २०१६ मध्ये तडजोडीने मिटला.

सविताच्या मृत्यूने आयर्लंडमध्ये गर्भपाताच्या कायद्याची चर्चा पेटवली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी घटनेतली गर्भपातबंदी उठवायला कौल दिला. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरा परिणाम मात्र कमी बोलला जातो. २०१४ मध्ये आयर्लंडने सेप्सिस ओळखण्याचे आणि त्यावर उपचार करण्याचे राष्ट्रीय मार्गदर्शन जारी केले. कायदा आड आला हे खरेच, पण न वाचलेला रिपोर्ट, न मोजलेली नाडी आणि कानावर न घातलेली नोंद यांना कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते.

भारतात डॉक्टरविरुद्ध दाद मागण्याचा हमरस्ता मोकळा झाला तो १३ नोव्हेंबर १९९५ रोजी. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे ठरवले. जिथे सगळ्यांनाच पूर्णपणे मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये यातून बाहेर राहिली. तिथल्या रुग्णाला दिवाणी किंवा उच्च न्यायालयाकडेच जावे लागते.

मंच कोणताही असो, तक्रारदाराला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डॉक्टरवर त्या रुग्णाची जबाबदारी होती. त्या जबाबदारीत त्याने कसूर केली. त्या कसुरीमुळेच हानी झाली. आणि ती हानी पैशात मोजता येईल अशी आहे. पहिली आणि चौथी गोष्ट सहसा वादात नसते. खरी झटापट मधल्या दोन गोष्टींवर होते.

कसूर मोजायची पट्टी १९५७ च्या बोलम या इंग्लिश खटल्यातून आली आणि २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती स्वीकारली. त्या शाखेतला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जसा वागला असता, तसे वागणे पुरेसे आहे. देशातला सर्वांत हुशार डॉक्टर काय करता हा निकष नाही. तालुक्याच्या गावातला जनरल प्रॅक्टिशनर आणि महानगरातला अतिदक्षता तज्ज्ञ यांना एका काट्यावर तोलत नाहीत. मात्र तालुक्याच्या डॉक्टरला रुग्ण आपल्या हाताबाहेर चालला आहे हे ओळखता यायला हवे आणि त्याला रेफर करता यायला हवे, एवढी अपेक्षा असतेच. याच जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यासाठी उंबरठा फार उंच ठेवला. डॉक्टरवर गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे मत घ्यायला हवे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये अशा गुन्ह्यात डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद सांगितली आहे. इतरांना तीच मर्यादा पाच वर्षांची आहे.

डॉक्टरांची बाजू समजून घ्यायची तर मुंबईचा एक खटला पाहावा. १९९१ मध्ये मूत्रपिंडे निकामी झालेला, डायलिसिसवर असलेला एक रुग्ण तीव्र संसर्ग आणि जोराचा ताप घेऊन खासगी रुग्णालयात आला. तपासणीत जंतू मोजक्याच औषधांना दाद देतील असे दिसले. डॉक्टरांनी अमिकासिन सुरू केले. या औषधाने कानाला इजा होऊ शकते हे जगजाहीर आहे, आणि मूत्रपिंडे काम करत नसतील तर धोका आणखी वाढतो. रुग्ण वाचला, पण ऐकू येईनासे झाले. राष्ट्रीय आयोगाने त्याला भरपाई दिली. १७ फेब्रुवारी २००९ रोजी मार्टिन डिसूझा विरुद्ध मोहम्मद इश्फाक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जीव धोक्यात होता, संसर्ग आवरणे पहिले काम होते आणि डॉक्टरने ते केले, असे न्यायालयाला दिसले.

हैदराबाद आणि मुंबई, दोन्हींत संसर्ग, दोन्हींत औषधाच्या निवडीवरून वाद. एकीकडे खऱ्या आजारावरचे औषध दिलेच गेले नाही, दुसरीकडे ते जोखीम पत्करून दिले गेले. दोन निकालांत एका बाबतीत उघड मतभेदही झाला. डिसूझा निकालाने निर्देश दिला होता, की डॉक्टरला नोटीस काढण्याआधी तक्रार तज्ज्ञांकडे पाठवावी. वर्षभराने आलेल्या किशन राव निकालाने ते सरसकट मान्य करायला नकार दिला.

सिद्ध करायच्या चार गोष्टींपैकी उरला तिसरा मुद्दा, आणि तोच दाव्यांची दमछाक करतो. उशीर झाला हे सिद्ध झाले, पण उशिरामुळेच माणूस गेला हे कशावरून? सेप्सिसमध्ये उत्तम उपचार वेळेवर मिळूनही अनेक रुग्ण जातात. मधुमेह, यकृताचा आजार, वय, जंतूची जात, सगळे पारड्यात पडते. रुग्णालयाचा वकील नेमके हेच म्हणतो: तीन तास आधी औषध दिले असते तरी शेवट हाच होता. तासाला इतके टक्के हे गणित हजारो रुग्णांच्या सरासरीचे. न्यायालयासमोर एकच रुग्ण असतो. म्हणून दावा करणाऱ्याला शेवटच्या काळरात्रीपेक्षा आधीच्या तासांचा हिशेब अधिक नेटाने मांडावा लागतो. रुग्ण चालत आला होता का, रक्तदाब तेव्हा किती होता, कोणत्या तासाला तो घसरायला लागला आणि त्या वेळी उपचार कुठे होते.

रुग्णाच्या बाजूचा उशीरही याच हिशेबात येतो. आपल्याकडे ताप अंगावर काढायची सवय जुनी आहे. मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, उतरला तर ठीक, नाहीतर चौथ्या दिवशी डॉक्टर. कुठे आधी देवऋषी, कुठे ओळखीचा कंपाउंडर. आधी घेतलेल्या प्रतिजैविकाची अर्धवट मात्रा कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीचा, निकाल बिघडवू शकते. ती माहिती डॉक्टरपासून लपवली, किंवा डॉक्टर नको म्हणत असताना सही करून रुग्णाला घरी नेले, तर ते कागद पुढे रुग्णालयाच्या बचावात हजर होतात.

बाहेरच्या देशांत अशा काही मृत्यूंनी दाव्यांपलीकडे जाऊन नियम बदलले. न्यूयॉर्कमध्ये मार्च २०१२ मध्ये रोरी स्टॉन्टन हा बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या जिममध्ये पडला, हाताला खरचटले. दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या. आपत्कालीन विभागातून त्याला पोटाचा बिघाड समजून घरी पाठवण्यात आले. तो निघून गेल्यानंतर आलेल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये गंभीर संसर्गाची खूण होती, पण आईवडिलांना कोणी फोन केला नाही. १ एप्रिलला तो गेला. आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने प्रत्येक रुग्णालयाला सेप्सिस ओळखण्याची लेखी पद्धत बंधनकारक केली. ‘रोरीज रेग्युलेशन्स’ या नावाने हे नियम ओळखले जातात. वर ज्या ४९ हजार रुग्णांच्या अभ्यासाचा उल्लेख आला, तो याच नियमांमुळे जमा झालेल्या नोंदींवर उभा आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात लंडनची मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली आणि स्वादुपिंडाला इजा झाली. रुग्णालयात असतानाच सेप्सिस झाला. आईवडील काळजी बोलून दाखवत राहिले, अतिदक्षता विभागात हलवायला उशीर झाला. लवकर हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असे कॉरोनरने पुढच्या वर्षी नोंदवले. २०२४ पासून इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. रुग्णाची प्रकृती खालावते आहे असे वाटले तर घरचे लोक आपल्या वॉर्डाबाहेरच्या दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला थेट बोलावू शकतात.

आपल्याकडे असा नियम नाही. आपल्याकडे ‘डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा’ असते, आणि रात्री दोन वाजता ड्युटीवर एक थकलेला निवासी डॉक्टर. अनर्थ झाल्यावर कधी काचा फुटतात, कधी डॉक्टरवर हात उचलला जातो. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि अशा हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोडाफोडीने भरपाई मिळत नाही, उलट तक्रारदारच आरोपी होतो.

दावा टिकतो तो कागदांवर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपायच्या असतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्या द्यायच्या असतात. बहुतेक घरांत बिल आणि डिस्चार्ज कार्ड एवढेच सांभाळले जाते. खरी माहिती असते नर्सिंग चार्टवर, जिथे दर काही तासांनी तापमान, नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण लिहिलेले असते. ती असते औषधांच्या तक्त्यावर, ज्यात प्रतिजैविकाचा पहिला डोस कोणत्या वेळी गेला ते दिसते. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर नमुना कधी घेतला आणि निकाल कधी निघाला, या दोन्ही वेळा असतात. या तीन कागदांवरच्या वेळा एका कोऱ्या पानावर ओळीने मांडल्या, की दावा आहे की नाही ते चांगल्या वकिलाला तासाभरात सांगता येते. अनेकदा उत्तर ‘नाही’ असे येते, आणि तेही कळणे गरजेचे असते. डॉक्टरांनी करता येईल ते सगळे वेळेवर केले होते, हे कागदावर दिसल्यावर मनातली टोचणी थोडी कमी होते.

ग्राहक आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. उशिराचे सबळ कारण दिले तर आयोग मुदत शिथिल करू शकतो. रुग्णालयाला दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. डॉक्टरच्या व्यावसायिक वागणुकीबद्दलची तक्रार वेगळी, ती महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. तिथे भरपाई मिळत नाही, पण डॉक्टरची नोंदणी स्थगित होऊ शकते.

पण त्याच्या आधीचे तास जास्त मोलाचे. तापाच्या रुग्णाचा श्वास जलद झाला, हातपाय गार पडले, लघवी बंद झाली किंवा तो भलतेच बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. वॉर्डात असाल तर ‘याला सेप्सिस तर नाही ना?’ असे सरळ विचारावे आणि विचारल्याची वेळ लिहून ठेवावी.

मराठवाड्यातल्या एका कुटुंबाकडे अशा चार तारखाच होत्या. १० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात घरातली सून बाळंत झाली. १३ जुलैला कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. लगेच जोराचा ताप आणि पोटात असह्य कळा सुरू झाल्या. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल आणि पू सापडला. २४ जुलैला ती पोटातल्या संसर्गाने गेली. नवऱ्याने सरकारविरुद्ध दावा लावला, खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी सरकारला जबाबदार धरले आणि ते ३६ हजार रुपये पुन्हा मंजूर केले. त्या बाळंतपणाला तोवर बत्तीस वर्षे उलटून गेली होती.